मुनीसाची झोप

शेजारच्या करोमत ओपाने बेशिकवरचे, म्हणजे लाकडी पाळण्यावरचे, पडदे एका बोटाने बाजूला सारले, आत वाकून पाहिलं आणि दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकल्यासारखं केलं. दृष्ट लावणारी माणसंच हे सगळ्यात जास्त करतात.

"बाई बाई, पोर म्हणायचं की बाहुली! काल आले तेव्हा झोपलेली, आज आले तरी झोपलेली. माझी पाच झाली, एकाने वर्षभर पाठ टेकू दिली नाही. तुर्सुनोय ओपा, कुणाला नवस बोलला होतात?"

"नवस कसला," तुर्सुनोय म्हणाली, पण मनातून सुखावली होती. "बेशिक माझ्या धन्याच्या वेळचा आहे. त्यात झोपलेलं एकही पोर किरकिरं निघालं नाही."

कोपऱ्यात गादीवर बसलेली झेबिनिसो काही बोलली नाही. नव्या सुनेने बोलायचं नसतं. या घरात येऊन तिला सव्वा वर्ष झालं होतं, आणि सासू तुर्सुनोयसमोर ‘हो ओयीजोन’ आणि ‘आणते ओयीजोन’ यापलीकडे तिचं तोंड फारसं उघडलं नव्हतं. नवरा इल्होम रशियात इमारतींवर कामाला. रविवारी फोन करायचा, आणि तोही आधी आईशी बोलायचा. हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण आज ती बोलत नव्हती ती लाजेने नाही, तिला भीती वाटत होती.

घटका दोन घटकांपूर्वी तिने बेशिकखालचं मडकं काढलं होतं. बेशिकात बाळाला हातापायांसकट पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवतात, आणि लघवी एका लाकडी नळीतून खाली लावलेल्या मडक्यात उतरते. मडकं रिकामं करणं सुनेचं काम. सकाळी तिने काढलं तर तळाशी ओल तेवढी होती. आता दुपार झाली होती. तिने मडक्यात हात घातला आणि सगळीकडून फिरवला. कोरडं! नळी सरकली असेल म्हणून तिने बाळाखाली हात घालून पाहिलं. दुपटंही कोरडं. तेवीस दिवसांचं पोर, आणि सकाळपासून एक थेंब नाही.

"ओयीजोन," ती हळूच म्हणाली, "मडकं कोरडं आहे."

"मग बरंच की, तुझं काम वाचलं," तुर्सुनोय म्हणाली, आणि दोघी बायका हसल्या.

चहाचे दोन प्याले पिऊन करोमत ओपा गेली. तिचं घर भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे ती गेली असं म्हणायचं एवढंच. झेबिनिसो बेशिकजवळ सरकली आणि तिने पडदे पूर्ण वर टाकले. मुनीसाचा चेहरा शांत होता. फारच शांत. ओठांचा रंग तिला बरा वाटेना. ती छातीकडे बघत राहिली. छाती वर आली, खाली गेली. मग काहीच नाही. ती वाकली, आणि तेवढ्यात छाती पुन्हा वर आली.

हे कधीपासून असं चाललंय? ती आठवू लागली, पण गेल्या तीन-चार दिवसांचं तिला धड काही आठवेना. ती स्वतःच गुंगीत होती. दाढ बरी झाली तेव्हापासून.

दाढेने तिचा जीव घेतला होता. बाळंतपणाच्या कळा परवडल्या, असं ती उशीत तोंड खुपसून म्हणायची. बाळ सोळा दिवसांचं असताना गाल सुजला. चिल्ल्यातली बाई चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही, त्यामुळे दातांच्या डॉक्टरचं नाव कुणी काढलंच नाही. मीठ झालं, लवंग झाली, अनालगिनची पांढरी कडू गोळी झाली. ती गोळी तर दाढेच्या खिजगणतीतही नव्हती. तिसऱ्या दिवशी झेबिनिसो भिंतीवर डोकं आपटायला लागली, तेव्हा तुर्सुनोय उठली, आतल्या खोलीत गेली, पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि ती तळहातावर एक छोटी गोल गोळी घेऊन आली.

"ही घे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मीच देत जाईन."

झेबिनिसोने विचारलं नाही. सासूने दिलेल्या वस्तूचं नाव विचारायचं? अर्ध्या तासात दुखणं असं पळालं की ती आनंदाने रडली. जग मऊ झालं. ती बसल्या बसल्या पेंगू लागली, बाळाला पाजता पाजता डुलक्या घेऊ लागली. आणि बाळही झोपू लागलं. आधी दोन तासांनी उठायचं, मग चार तासांनी. काल दिवसभरात किती वेळा प्यायलं, हे तिला सांगता आलं नसतं. सगळे म्हणत होते, बघा, आईची दाढ थांबली आणि लेकही निवांत झाली. तिलाही ते खरं वाटलं. मूर्ख, मूर्ख बाई!

तिने पट्ट्या सोडायला घेतल्या.

"अगं, झोपलेलं पोर उठवतेस?" दारातून तुर्सुनोय म्हणाली.

झेबिनिसोने वरची पट्टी सोडली, खालची सोडली. बांधलेलं बाळ सोडलं की आधी हात झटकतं, पाय ताणतं, अंग वळवतं. मुनीसाचा हात बेशिकच्या कडेवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला. तिने बाळ उचललं तर मान मागे गेली. तिने छाती उघडून तोंडात दिली. ओठ मिटले नाहीत. दूध तोंडात गेलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तिने गालावर टिचक्या मारल्या, तळव्यांना गुदगुल्या केल्या, कानाशी हाका मारल्या.

"मुनीसा! मुनीसाजोन! उठ गं, उठ ना!"

तुर्सुनोय आता जवळ आली होती. तिने नातीच्या कपाळाला हात लावला, आणि तो तिने जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.

"करोमतची नजर," ती म्हणाली. "मेलीची जीभच काळी आहे. थांब, धुरी आणते."

"ओयीजोन, डॉक्टर..."

"चिल्ल्यात? या गारठ्यात? आधी धुरी."

तिने दृष्ट काढायच्या इसिरिक झुडपाची वाळकी जुडी तव्यावर टाकून पेटवली आणि ती धुपत धुपत खोलीत आणली. तीनदा बाळाभोवती फिरवली. खोली करड्या धुराने भरून गेली. झेबिनिसोच्या डोळ्यांतून पाणी आलं, तुर्सुनोयला ठसका लागला, दारात बसलेली मांजरसुद्धा शिंकून पळाली. मुनीसाच्या नाकापाशी धुराचा लोट गेला. तेवीस दिवसांचं पोर. ती शिंकली नाही. तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

तेव्हा झेबिनिसोला कळून चुकलं की ही झोप नाही.

तिने शाल ओढली, बाळ शालीत घेतलं आणि चालायला लागली. अंगण, पाण्याचा नळ, वेलाचा मांडव, मग फाटक. पायात नुसते मोजे होते आणि अंगणात बर्फ वितळून चिखल झाला होता. मागून तुर्सुनोयचा आवाज आला, असा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता.

"केलिन! सूनबाई! चिल्ल्यात उंबरा ओलांडशील?"

"हो ओयीजोन," झेबिनिसो म्हणाली, आणि ओलांडला.

शेजारच्या फाटकावर तिने दोन्ही मुठींनी बडवलं. करोमत ओपाचा नवरा मामुरजोन जेवता जेवता बाहेर आला, हातात अजून भाकरीचा तुकडा. झेबिनिसोने काही सांगितलं नाही, शाल उघडून दाखवली. त्याने तुकडा खिशात कोंबला आणि छोटी दामास गाडी काढली. गाडी सुरू झाली तसं मागचं दार उघडलं आणि तुर्सुनोय आत चढली. डोक्यावरचा रुमाल उलटा बांधलेला, धापा टाकत. ती सुनेच्या शेजारी बसली.

दवाखाना सात किलोमीटर. झेबिनिसो श्वास मोजत होती. एक. दोन. मग थांबलं. ती बाळाच्या तळव्याला जोरात चिमटा काढायची, मग तीन. पोपलरची झाडं मागे जात होती, मामुरजोन एकसारखा हॉर्न वाजवत होता, आणि रस्त्यावर कुणाच्या तरी गाई अगदी निवांत उभ्या होत्या.

"हाणा ना त्यांना!" झेबिनिसो किंचाळली. गाडीतले दोघेही दचकले. ती स्वतःही दचकली.

मुहय्यो डॉक्टर मध्यम वयाची, ठेंगणी, करड्या आवाजाची बाई होती. तिने बाळ घेतलं, टेबलावर ठेवलं, अंगावरचं सगळं काढलं, आणि झेबिनिसोकडे न बघता प्रश्न विचारत सुटली. किती दिवसांचं? ताप होता? उलटी? शेवटचं कधी प्यायलं? लघवी कधी झाली? झेबिनिसो उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तरागणिक डॉक्टरचं तोंड घट्ट होत होतं. रक्तात विष पसरलं असेल, मेंदूला सूज असेल, असं काहीतरी ती नर्सला म्हणाली. फरगान्याच्या मोठ्या इस्पितळात फोन करा, अँब्युलन्स मागवा, सुई आणा.

आणि मग मुनीसाचा श्वास थांबला. झेबिनिसो मोजत होती. चार, पाच, सहा, सात, आणि छाती वर येईना. बाळ निळं पडायला लागलं.

डॉक्टरने बाळाच्या नाकातोंडावर छोटा मुखवटा दाबला आणि रबरी पिशवी दाबायला सुरुवात केली. छाती वर आली, पण ती बाळाची नव्हे, पिशवीची हवा होती. मग पिशवी क्षणभर नर्सकडे देऊन तिने बाळाची पापणी वर केली, टॉर्च मारला आणि थबकली.

"बाहुल्या बघ," ती नर्सला म्हणाली. "टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत." मग पहिल्यांदा तिने झेबिनिसोकडे सरळ पाहिलं. "तू काय घेतलंस?"

"मी?"

"तू. औषध. गोळी. काढा. तू जे घेतेस ते दुधातून हिच्यात जातं. काय घेतलंस? लवकर बोल, मला अंदाजाने सुई द्यायची नाही."

तू जे घेतेस ते. झेबिनिसोच्या कानात ते शब्द नुसते घुमत राहिले. म्हणजे मीच? मी पाजलं? मांडीवर घेऊन, केसांवरून हात फिरवत, दिवसातून आठ वेळा?

"दाढ दुखत होती," ती म्हणाली. "गोळ्या घेतल्या. चार दिवस. रोज तीन."

"कसल्या?"

झेबिनिसोने सासूकडे पाहिलं. तुर्सुनोय भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. एक हात झग्यावर छातीशी दाबलेला होता.

"साध्या," तुर्सुनोय म्हणाली. "अनालगिन."

खोलीत फक्त रबरी पिशवीचा आवाज येत होता. अनालगिन कडू असतं. अनालगिन मोठं असतं, मधोमध रेघ असते. झेबिनिसोने दोन दिवस तेच गिळलं होतं. समोर तिची लेक दुसऱ्याच्या हातच्या हवेवर जगत होती, आणि सव्वा वर्ष तोंडाला लावलेलं कुलूप एका क्षणात तुटून पडलं.

"खोटं!" ती ओरडली. "ओयीजोन खोटं बोलतायत, डॉक्टर! त्या गोळ्या पेटीतून काढल्या त्यांनी. कुलपातून! कसल्या होत्या त्या? सांगा! माझी पोर मरतेय, सांगा ना! तुमचं काय जातंय सांगायला?"

तुर्सुनोयचे ओठ हलले. मग तिने छातीशी दाबलेला हात झग्याच्या गळ्यात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं एक पाकीट बाहेर काढलं. निघतानाच तिने ते बरोबर घेतलं होतं. म्हणजे तिला घरीच कळलं होतं. धुरी करताना, कदाचित कपाळावर हात ठेवला तेव्हाच.

डॉक्टरने पाकिटावरचं नाव वाचलं आणि एक शिवी दिली. बाईच्या तोंडी, तीही डॉक्टर बाईच्या, अशी शिवी त्या भागात कुणी ऐकलेली नसते. "अफूच्या कुळातलं औषध. कर्करोगवाल्यांचं! नर्स, उतारा आण. वजन किती? तीन किलो सहाशे. मोजून भर, पुन्हा मोज."

सुई इवल्याशा मांडीत गेली. मग सगळे थांबले. पिशवी चालू होती. झेबिनिसोने टेबलाची कड धरली होती. देवा, माझं दूध आटव, माझा जीव घे, पण तिला श्वास घेऊ दे. मिनिट गेलं की तास, तिला सांगता आलं नसतं.

मुनीसाच्या पोटाला एक उचकी बसली. मग दुसरी. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या, दोन्ही मुठी वर नेल्या आणि अशी काही रडली की बाहेर गाडीपाशी उभ्या मामुरजोनने धावत येऊन दारातून डोकं आत घातलं. झेबिनिसोचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि लेकीच्या बरोबरीने मोठ्यांदा रडली.

"एवढ्यात खूश होऊ नका," डॉक्टर म्हणाली, पण तिचाही आवाज जरा ओला होता. "उतारा लवकर ओसरतो, औषध अंगात जास्त वेळ राहतं. पुन्हा झोपेल, पुन्हा द्यावं लागेल. अँब्युलन्स येतेय. दोन दिवस तरी तिथे लक्ष ठेवावं लागेल." मग ती झेबिनिसोसमोर उकिडवी बसली. "आणि तू ऐक. तोवर दूध पिळून टाकायचं, छाती भरू द्यायची नाही. गोळी अंगातून गेली की मोठे डॉक्टर सांगतील, मग पुन्हा पाजायचं. घाबरून दूध तोडू नकोस, ते दुसरं खूळ. दाढदुखीवर पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं ढिगाने आहेत माझ्याकडे. एक फोन करायचा होतास गं! दाढही काढून दिली असती, चिल्ला असो नाहीतर काही असो."

झेबिनिसोने मान हलवली. रडणाऱ्या लेकीवरून तिला नजर हलवता येत नव्हती.

डॉक्टर उठली आणि तुर्सुनोयकडे वळली. तोंडी ‘खोला’, म्हणजे मावशी, असलं तरी आता तिच्या आवाजात दयामाया नव्हती.

"खोला, तुमचे यजमान गेले त्याला सात महिने झाले. हे औषध माणूस गेल्यावर आमच्याकडे परत द्यायचं असतं. सही केली होतीत तुम्ही. कशाला ठेवलंत घरात? कुणासाठी?"



"माझ्यासाठी," तुर्सुनोय म्हणाली.

कुणालाच काही कळेना.

"ते अकरा दिवस ओरडत होते, डॉक्टर. खरबुजांच्या दिवसांत. सही करणारा माणूस सुट्टीवर होता म्हणे. अकरा दिवस. तोंडात उशीचा कोपरा धरायचे, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग शुक्रवारी ही गोळ्यांची पाकिटं मिळाली आणि शनिवारी ते गेले." तिने हात बरगडीखाली ठेवला. "कापूस वेचायला गेलो तेव्हापासून मला इथे दुखतंय. त्यांचं सुरू झालं होतं ना, तिथेच. म्हटलं, आपल्या वेळेला हातात असावं. कुणाच्या सहीची वाट बघायला नको."

"आणि मग सुनेला दिल्यात?"

"ती भिंतीवर डोकं आपटत होती," तुर्सुनोय म्हणाली. "मला ते ऐकवेना."

झेबिनिसो जमिनीवरून तिच्याकडे बघत राहिली. तिला या बाईचा गळा धरावासा वाटत होता. ती म्हणाली होती ‘अनालगिन’. बाळ निळं पडत होतं आणि ती म्हणाली होती ‘अनालगिन’. आणि याच बाईने स्वतःच्या मरणासाठी राखून ठेवलेल्यातल्या बारा गोळ्या मोजून दाढेसाठी देऊन टाकल्या होत्या. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सहन करायचं ते बावीस वर्षांच्या मुलीला कळत नव्हतं.

टेबलावरचं पाकीट तुर्सुनोयने कधी परत उचललं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते तिच्या मुठीत होतं.

"ते माझ्याकडे द्या, खोला," डॉक्टर म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "तुम्हाला आजच तपासते. गरज पडली तर कागद मी स्वतः लिहीन."

"लिहाल हो. सहीचं काय?"

"सहीपण आणीन."

"आणि अकरा दिवस लागले तर?"

डॉक्टर बाळाकडे वळली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तुर्सुनोयची बोटं पाकिटावर आणखी आवळली गेली. तिची पाचावर धारण बसली होती. एवढी करारी बाई, अख्खी गल्ली जिला वचकून असे, ती लहान मुलीच्या भेदरलेल्या डोळ्यांनी दाराकडे बघत होती, आता पळून जाईल की काय असं वाटावं.

झेबिनिसो उठली. गुडघ्यापर्यंत चिखल, मोज्यांचा लगदा झालेला.

"तुमच्याशी मी महिनाभर बोलणार नाही, ओयीजोन," ती म्हणाली. "कदाचित वर्षभर. पण लागले अकरा दिवस, तर मी या दवाखान्याच्या दारात बसून ओरडेन. दुसऱ्या दिवशीपासून. फरगान्याला जाऊन ओरडेन. तुम्हाला उशी चावावी लागणार नाही. आज ऐकलंत ना माझं ओरडणं?"

तुर्सुनोयने तिच्याकडे पाहिलं. टेबलावर मुनीसा रडून रडून लाल झाली होती, आणि अँब्युलन्सचा आवाज रस्त्याच्या वळणावर ऐकू येऊ लागला होता.

"ऐकलं," तुर्सुनोय म्हणाली, आणि तिने मूठ उघडली.